डायबेटीस ‘मुळासकट’ घालवणारी पावडर: डिचोलीतला आमचा अनुभव

पावडरीने बाबांची साखर खरोखर उतरली होती. हे आधीच सांगते, कारण फसवणूक म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी भुसा विकला असेल, पैसे बुडाले, विषय संपला. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. इथे विकलेली वस्तू काम करत होती. मशीनवरचे आकडे खाली येत होते, घरात आनंद होता, आणि त्याच वस्तूने बाबांना बेशुद्धावस्थेत बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, पोचवलं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात आढळलं: 26.4 टक्के. देशाचं प्रमाण 11.4 टक्के. म्हणजे आपल्याकडे चार प्रौढ माणसांतल्या एकाला हा आजार आहे. अशा पावडरी विकणारी माणसं शिबिरं लावायला गोव्यातली गावं का निवडतात, ते यावरून कळावं.

बाबा डिचोली तालुक्यातले, खाणीवर स्वतःचा ट्रक चालवायचे. 2012 साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक विकावा लागला. आता हक्काचे पैसे म्हणजे दयानंद योजनेचे, गोवा सरकारच्या पेन्शनचे, महिन्याला 2,000 रुपये, आणि आम्ही मुलं पाठवतो ते. बाबांना डायबेटीस आहे, आईला ब्लडप्रेशर. दोघांच्या गोळ्यांचं बिल जवळजवळ दयानंदच्या रकमेएवढंच व्हायचं. त्यातली डायबेटीसची एक गोळी महाग होती, ग्लिप्टिन गटातली. मुलांकडे मागायला नको म्हणून बाबा ती एक दिवसाआड घ्यायला लागले. कुणाला बोलले नाहीत. स्ट्रिप महिनाभर पुरायच्या ऐवजी दोन महिने पुरायची आणि साखर हळूहळू चढत गेली. औषध परवडेना म्हणून गोळ्या वाचवणारी अशी म्हातारी माणसं प्रत्येक वाड्यावर आहेत, आणि शिबिरवाल्यांचं गिऱ्हाईक नेमकं तेच आहे.

शिबिराची पत्रकं दुकानांवर लागली होती: मोफत शुगर तपासणी, मोफत ‘संपूर्ण शरीर तपासणी’. गावातल्या एका सभागृहात टेबलं मांडली होती. स्वतःला वैद्य म्हणवणारा एक माणूस, लॅपटॉप घेतलेला एक मुलगा, आणि नावं लिहून घेणाऱ्या दोन मुली. मुलगा प्रत्येकाच्या मुठीत पितळेसारखी एक कांडी द्यायचा, मिनिटभर धरून ठेवायला सांगायचा, की लगेच रंगीत कागद छापून बाहेर. रक्त नाही, लघवी नाही, नुसती कांडी धरून यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड, हाडं, नसा, सगळ्यांचे आकडे तयार. बाबांच्या कागदावर लिहिलं होतं की स्वादुपिंडाचं काम 42 टक्के आणि मूत्रपिंडाचं 57 टक्के. पुढे मी शेजारच्या काकांचा कागद मागून घेतला आणि दोन्ही कागद बाजूबाजूला ठेवले. नाव आणि वय सोडलं तर सगळे आकडे तेच. काकांना डायबेटीस नाहीच. हातात कांडी धरून मूत्रपिंडाचं काम मोजता येत नाही. त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघावं लागतं, आणि ती तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातसुद्धा होते.

कांडीनंतर त्यांनी बोटाला सुई टोचून साखर मात्र खरी मोजली. बाबांची 286 आली. हा आकडा खोटा नव्हता, आणि त्यानेच बाबा घाबरले. मग त्या वैद्याने खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाला, “काका, तुम्ही ज्या इंग्रजी गोळ्या खाता, त्याच तुमची किडनी खातायत. दोन वर्षांत डायलिसिस लागेल. आमचा तीन महिन्यांचा कोर्स करा, डायबेटीस मुळासकट जाईल.” सोबत तालुक्यातला एक ओळखीचा माणूस बसवला होता. तो म्हणाला, माझ्या गोळ्या सुटल्या. त्या माणसावर माझा राग नाही. आता कळतं की त्याचीही साखर तशीच उतरली असणार आणि तो मनापासून बोलत असणार.

किडनीचं हे भय फार खोल गेलेलं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. सर्वांत जास्त लोक जी गोळी घेतात ती मेटफॉर्मिन. ‘ती किडनी खराब करते’ असं आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकू येतं. गोमेकॉतल्या डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं: मेटफॉर्मिनमुळे किडनी बिघडत नाही. मात्र किडनी आधीच अधू असेल तर हे औषध शरीराबाहेर नीट पडत नाही, म्हणून डोस कमी करावा लागतो. रिपोर्टमध्ये ईजीएफआर नावाचा आकडा असतो, किडनी किती काम करते ते सांगणारा. तो 45 च्या खाली गेला की डॉक्टर डोसचा फेरविचार करतात, 30 च्या खाली गेला की गोळी बंद करतात. किडनी खाते ती वर्षानुवर्षं चढी राहिलेली साखर आणि चढं ब्लडप्रेशर. म्हणजे गोळी टाळणारा माणूस ज्या गोष्टीला भितो, तिच्याच दिशेने चालत असतो. वैद्याने हीच भीती उलटी करून विकली.

कोर्सची किंमत महिन्याला 7,500, तीन महिन्यांचे 22,500. अर्धे रोख आणि अर्धे फोनवरून. गोळ्यांचा खर्च वाचवायला निघालेल्या माणसाकडून गोळ्यांच्या कितीतरी पट पैसे घेतले, तेही एका दमात. रोखीची पावती दिली नाही. फोनवरून दिलेले पैसे ज्या नावावर गेले ते नाव ना वैद्याचं होतं, ना डब्यावरच्या कंपनीचं.

तो डबा माझ्यासमोर बराच वेळ होता, म्हणून त्याचं वर्णन करते. पांढरा प्लास्टिकचा, हिरव्या झाकणाचा. पुढे पानाचं चित्र आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’. मागे घटक म्हणून मेथी, कारलं, जांभूळ बी, गुडमार, आणि शेवटी ‘इतर दुर्मिळ वनस्पती’. बॅच नंबर नाही. तारखेचा स्टिकर नखाने निघत होता, आणि त्याच्याखाली दुसरा स्टिकर, वेगळ्या तारखेचा. कोपऱ्यात 14 आकडी नंबर. वैद्याने तोच नंबर दाखवून ‘सरकारमान्य’ असल्याचं सांगितलं होतं. हा नंबर खाद्यपदार्थ विकण्याच्या परवान्याचा, फरसाणाच्या पाकिटावर असतो तोच. तो खरा असला तरी त्याचा अर्थ एवढाच की विकणाऱ्याने खाद्यपदार्थ म्हणून नोंदणी केली आहे. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असं सांगायला कायद्याने बंदी आहे. खऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर औषध बनवण्याचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, कारखान्याचा पत्ता आणि घटकांची पूर्ण यादी असते. ‘इतर दुर्मिळ वनस्पती’ असं कुठलाही प्रामाणिक कारखानदार छापत नाही.

पहिल्या आठवड्यात साखर 180 वर आली, नंतर 130, नंतर 104. रोज एका बाईचा फोन यायचा: “काका, आज साखर किती?” आकडा जरा वर दिसला की म्हणायची, अर्धा चमचा वाढवा. जुन्या गोळ्या त्यांनी आधीच बंद करायला लावल्या होत्या. डॉक्टरांना सांगू नका, ते त्यांच्या धंद्याच्या आड येतं, असंही बजावलं होतं. बाबांना दुपारी दरदरून घाम सुटायला लागला, हात थरथरायचे, जेवणाआधी डोकं हलकं व्हायचं. फोनवर सांगितलं तर उत्तर आलं, “शरीर शुद्ध होतंय, विष बाहेर पडतंय. डोस थांबवू नका.” सगळ्या प्रकरणात मला अजूनही सर्वांत जास्त छळतं ते हे वाक्य. घाम, थरथर, अचानक लागलेली भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही साखर धोकादायक पातळीला उतरल्याची लक्षणं आहेत. ते बोलणाऱ्या बाईला माहीत नसेल तर ती अडाणी, आणि माहीत असेल तर तिला काय म्हणावं ते मला सुचत नाही.

एका पहाटे आईचा फोन आला: “बाय, बाबा कसेतरीच करतात गो.” बाबांचे कपडे घामाने चिंब होते, ते काहीतरी पुटपुटत होते, आईचा हात झटकून देत होते. वाड्यावरचं कुणी म्हणालं अर्धांगाचा झटका, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी लागलंय. शेजारच्या वहिनी स्वतःचं साखर मोजायचं मशीन घेऊन धावत आल्या. आकडा 34. 70 च्या खाली गेलं की कमी समजतात, 34 म्हणजे मेंदूला पुरेसं इंधनच नाही. तोवर बाबांची शुद्ध हरपली होती. आई तोंडात साखरेचं पाणी ओतायला गेली तेव्हा वहिनींनी तिला थांबवलं. ते फार मोलाचं ठरलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातलं की ते श्वासनळीत जाऊ शकतं. शुद्धीत असलेल्या माणसाला मात्र तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायची.

108 च्या माणसांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि बाबांनी डोळे उघडले. आईला ओळखलं, पाणी मागितलं. आम्हाला वाटलं, सुटलो. गोमेकॉत पोचल्यावर काही तासांत साखर पुन्हा कोसळली. पुन्हा ग्लुकोज, पुन्हा वर, पुन्हा खाली. दुसऱ्या दिवसापर्यंत बाटली चालू असूनही हेच. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, घरात कुणाच्या साखरेच्या गोळ्या यांनी चुकून घेतल्या का? बाबांच्या जुन्या स्ट्रिप्स कपाटात जशाच्या तशा होत्या. मग आईने डबा काढून दिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “मेथी-कारल्याने साखर थोडी इकडेतिकडे होईल. ग्लुकोज चालू असताना दुसऱ्या दिवशीपर्यंत अशी पडत राहणार नाही. यात गोळी दळून मिसळलेली असणार.”

त्यांचा संशय ग्लायबेनक्लामाइडवर होता. साखरेचं जुनं, अतिशय स्वस्त औषध. स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढायला लावतं, माणूस जेवलेला असो वा उपाशी. त्याचा परिणाम लांब टिकतो, आणि किडनी मंद असली की ते अंगात साठत जातं. म्हणून म्हाताऱ्या माणसांना ते देणं डॉक्टर टाळतात. बाबांचं क्रिएटिनिन थोडं वाढलेलंच होतं. एरवी गोळी घेतली तर निदान किती मिलिग्रॅम पोटात गेलं ते ठाऊक असतं. पावडरीत मिसळलेली गोळी सगळीकडे सारखी पसरत नाही. डब्याच्या वरच्या चमच्यात थोडी येते, तळाच्या चमच्यात दुप्पट. त्यात फोनवरची बाई अर्धा-अर्धा चमचा वाढवत होती.

असल्या भेसळीने जगात माणसं मेलेली आहेत. 2008 साली सिंगापूरमध्ये डायबेटीस नसलेले सुमारे 150 लोक साखर कोसळून हॉस्पिटलांत भरती झाले. त्यांतले चौघे दगावले. पुरुषी ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बेकायदा गोळ्यांत आणि ‘हर्बल’ औषधांत ग्लायबेनक्लामाइड निघालं होतं. त्याआधी 2000 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने डायबेटीसवरची पाच ‘हर्बल’ उत्पादनं बाजारातून काढायला लावली. त्यांत ग्लायबेनक्लामाइडच्या जोडीला फेनफॉर्मिन होतं. रक्तात आम्ल साठून लोक दगावायला लागले म्हणून अमेरिकेने जे औषध 1970 च्या दशकातच बंद केलं, तेच हे. तेव्हा ‘पावडरीने साखर कमी झाली’ याचा अर्थ पावडर चांगली आहे असा होत नाही. कारल्याच्या नावाखाली साखर झपाट्याने उतरली, तर पहिली शंका आत काय मिसळलंय याचीच घ्यायला हवी.

बाबा घरी आले. वैद्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. डब्यावरच्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र ‘पत्ता अपूर्ण’ शेरा मारून परत आलं. आम्ही उरलेली पावडर डब्यासकट बांबोळीच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे दिली, सोबत गोमेकॉचे कागद जोडले. फोनवरून गेलेल्या पैशांची तक्रार सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर नोंदवली. चौकशी चालू आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. एक गोष्ट तक्रार करताना कळली, ती प्रत्येकाला ठाऊक हवी. 1954 चा औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेह नाव घेऊन लिहिलेला आहे. ‘डायबेटीस बरा करतो’ अशी औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. त्यासाठी कुणी आजारी पडायची वाट बघावी लागत नाही. दुकानावर लागलेल्या त्या पत्रकाचा फोटोसुद्धा पुरावा ठरतो.

आता पैशांचं. बाबांना हे सगळं करावंसं वाटलं ते गोळी परवडत नव्हती म्हणून. आणि तीच गोळी स्वस्तात मिळते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ग्लिप्टिन गटातल्या सिटाग्लिप्टिनचं पेटंट 2022 साली संपलं. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत, म्हणजे सरकारी योजनेच्या स्वस्त औषधांच्या दुकानांत, सिटाग्लिप्टिन 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना आणि मेटफॉर्मिनसह एकत्र गोळी (50/500) दहा 65 रुपयांना आली. ब्रँडच्या तशाच गोळ्यांना तेव्हा 160 ते 260 रुपये पडत होते. डायबेटीसच्याच एम्पाग्लिफ्लोझिन या दुसऱ्या औषधाचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं. साठ रुपयांच्या घरातल्या एका गोळीच्या जागी दहा-बारा रुपयांच्या, काही त्याहूनही स्वस्त गोळ्या आल्या. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड तर आधीपासूनच स्वस्त आहेत, आणि सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आईला शंका होती की एवढं स्वस्त म्हणजे डुप्लिकेट असेल. जनऔषधीचा माल मान्यताप्राप्त कारखान्यांतून घेतला जातो आणि प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासून मगच दुकानात जाते. किंमत कमी असते कारण ब्रँडच्या जाहिरातीचा खर्च त्यात नसतो. डॉक्टरांना एवढंच विचारायचं: “यातलं जनऔषधीत काय चालेल? चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्या.” आमच्या डॉक्टरांनी हसतमुखाने लिहून दिलं. बाबांनी हे आधी विचारलं नव्हतं कारण गरिबी दाखवल्यासारखं वाटेल, असं त्यांना वाटायचं. डॉक्टरांनीच पुढाकार घेऊन ‘औषध परवडतं का’ असं विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे. त्या एका प्रश्नाने आमचं सगळं टळलं असतं.

गोळी स्वस्त मिळाली तरी ती घेण्याची शिस्त लागते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण चुकवायचं नाही. एकादशी, श्रावणी सोमवार, चवथीच्या दिवशी पूजा होईपर्यंतचा उपास, या दिवसांसाठी डॉक्टरांना आधी विचारून डोस ठरवून घ्यायचा. मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्यायची, म्हणजे पोट बिघडत नाही. नावापुढे ‘एसआर’ असेल तर ती चुरायची किंवा चावायची नाही. उलट्या-जुलाब चालू असतील तर सगळ्या गोळ्या तशाच रेटू नयेत, फोन करून विचारावं. आणि घरगुती काढा, पावडर, शेजाऱ्याने दिलेलं मूळ, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगावं. ‘डॉक्टरांना सांगू नका’ असं म्हणणारा माणूस तुमच्या भल्याचा नाही, हे बाबा आता भेटेल त्याला सांगतात. हा अनुभव लिहायला त्यांनीच मला बसवलं.

ज्यांच्या घरी असा डबा सध्या चालू आहे, त्यांच्यासाठी. पावडर आजच थांबवा, पण नुसती थांबवून घरी बसू नका. आतली गोळी बंद झाली की साखर काही दिवसांत उसळते, आणि मूळची औषधं तर आधीच बंद झालेली असतात. त्याच दिवशी डबा हातात घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि किती दिवस, किती चमचे घेतलं ते सांगा. जुन्या गोळ्या आपल्या मनाने एकदम सुरू करू नका. पावडरीचा असर अंगात शिल्लक असताना त्यात गोळीची भर पडली तर साखर पुन्हा कोसळेल. पुढचे दोन दिवस रात्री एकटं झोपू नका, उशाशी साखर ठेवा. डबा फेकू नका, धुऊन डाळ भरायला घेऊ नका. उरलेली पावडर, झाकण, स्टिकर, पत्रक, फोनवरच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट, सगळं एका पिशवीत घालून बांबोळीच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे द्या. औषधाचा त्रास नोंदवायला 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे, ग्राहक म्हणून तक्रारीसाठी 1915. आमच्या तालुक्यातून आमच्याखेरीज आणखी कुणी पुढे आलं तर तपासाला वजन येईल. त्या सभागृहात त्या दिवशी बाबांच्या पुढेमागे रांगेत बरीच माणसं होती.